प्रयोग कुणावर झाला? मराठी संपादकांना एक खुलं पत्र

प्रति,
मराठी दैनिकांचे, वृत्तवाहिन्यांचे आणि बातम्यांच्या पोर्टलांचे संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

माझ्यासमोर एक निळी प्लॅस्टिकची फाइल आहे. एका बाजूला सोनोग्राफी, बायॉप्सी, रक्ताचे रिपोर्ट. दुसऱ्या बाजूला तुमची कात्रणं. फाइल माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची. कात्रणं तिनंच कापलेली, शिवणाच्या कात्रीनं, कडा अगदी सरळ. प्रत्येकावर बॉलपेननं तारीख घातलेली. ‘कॅन्सरवर रामबाण’, ‘प्राध्यापकांचं संशोधन सातासमुद्रापार’, ‘आता केमोची गरज नाही?’ यातलं प्रश्नचिन्ह तुमच्या उपसंपादकानं स्वतःच्या बचावासाठी टाकलेलं असतं. अक्काला ते दिसलंच नाही.

मी तीस वर्षं सांगलीत अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवलं. म्हणजे त्या कात्रणांत काय आहे आणि काय नाही, हे घरात कुणाला कळायला हवं होतं तर ते मला. मला ती फाइल दिसली तेव्हा उशीर झाला होता. म्हणून हे पत्र.

अक्काला स्तनाचा कॅन्सर होता आणि सापडला तेव्हाच तो काखेतल्या गाठींपर्यंत गेला होता. दर आठवड्याला सलाइनमधून पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं औषध द्यायचे. बारा डोस द्यायचे होते, पाच झाले. केस गेले, पायाच्या बोटांना सतत मुंग्या, तोंडाला चव नाही. त्यातच एका पेपरात बातमी आली, की अमुक रानटी झुडपाच्या पानांच्या अर्कानं कॅन्सरच्या पेशी मरतात. मथळ्यात टक्केवारीही होती. (पेपराचं नाव लिहीत नाही, आणि झुडपाचं तर मुळीच लिहीत नाही. उद्या कुणीतरी डोंगरावर जाऊन त्याची पानं ओरबाडेल.) अक्का म्हणाली, “हे लोक अंगात विष घालतायत. झाडपाल्याचं औषध असतं तर एवढं जाळलं नसतं.” सहाव्या सलाइनला ती गेलीच नाही. भाच्यानं कुठूनतरी पानं आणली, काढा सुरू झाला. चार महिन्यांनी ती पुन्हा डॉक्टरांकडे गेली, तेव्हा गाठीचं माप रिपोर्टवर वाचूनच मी खुर्चीत बसले.

अक्का जाऊन आता दोन वर्षं होतील. ती तुमच्या बातमीमुळे गेली असं मी म्हणत नाही. आजार पुढचाच होता, आणि काढा पिण्याचा निर्णय तिचा होता. पण एक गोष्ट मला गिळवत नाही. झाडपाल्याचं औषध हवं म्हणून तिनं जे सोडलं, ते झाडपाल्याचंच औषध होतं.

पॅक्लिटॅक्सेल पहिल्यांदा मिळालं ते पॅसिफिक यू नावाच्या झाडाच्या सालीतून. १९६२ साली अमेरिकेच्या कृषी खात्याच्या आर्थर बार्कले या वनस्पतिशास्त्रज्ञानं वॉशिंग्टन राज्यातल्या जंगलातून ती साल गोळा केली. नॉर्थ कॅरोलायनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मनरो वॉल आणि मनसुख वाणी या दोघांनी तिच्यातून तो रेणू वेगळा काढला आणि १९७१ मध्ये त्याची रचना जगापुढे मांडली. हे मनसुख वाणी आपल्या नंदुरबारचे. जन्म १९२५, शिक्षण मुंबई विद्यापीठात, पुढे अमेरिकेत डॉक्टरेट. जगभरच्या लाखो बायकांच्या शिरांतून जे औषध गेलं, ते शोधणाऱ्या दोघांतला एक खानदेशात जन्मलेला. एप्रिल २०२० मध्ये लॉकडाउनच्या गोंधळात ते अमेरिकेत वारले. अक्काच्या फाइलमध्ये, आणि त्यानंतर मी स्वतः जमवलेल्या वहीभर कात्रणांत, त्यांच्याबद्दल एक ओळ नाही. ही बातमी तुमच्या अंगणात पडलेली होती.

आणि वाणींचं काम एवढ्यावर संपत नाही. त्याआधी, १९६६ मध्ये, याच दोघांनी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन हे दुसरं रसायन वेगळं काढलं होतं. ते आपल्या सह्याद्रीतल्या एका झाडातही भरपूर आहे, हे १९७२ मध्ये भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी दाखवलं. ते झाड म्हणजे नरक्या. आंबोली, राधानगरी, कोयनेच्या बाजूला फिरणाऱ्यांना त्याच्या उग्र वासावरून हे नाव का पडलं ते सांगायला नको. वनखात्याच्या कागदांवर आणि तुमच्या बातम्यांत ते ‘अमृता’ म्हणूनही येतं, पण बहुधा गुन्हेवृत्ताच्या पानावर: नरक्याची तस्करी, टेम्पो जप्त, इतकी पोती लाकूड ताब्यात. त्या पोत्यांत काय होतं आणि ते कुणाच्या उपयोगी पडतं, हे त्या बातमीत कधी नसतं.

आता पायऱ्या बघा, कारण माझं सगळं म्हणणं त्या पायऱ्यांबद्दल आहे. कॅम्प्टोथेसिननं पेशी मारल्या, उंदरांतल्या गाठी आटवल्या. मग सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ते माणसांना देऊन पाहिलं आणि प्रयोग थांबवावे लागले. मूत्राशयातून रक्त जायला लागलं होतं. उंदरानं दिलेला हवाला माणसात बुडाला. पुढे १९८५ मध्ये ते पेशीत नेमकं कुठल्या विकराला (एन्झाइमला) पकडतं ते कळलं. मग रसायनशास्त्रज्ञांनी त्याच्या रेणूला इकडे एक शेपूट, तिकडे एक गट जोडून त्याला पाण्यात विरघळण्याजोगं आणि थोडं सुसह्य केलं, आणि १९९६ मध्ये टोपोटिकॅन आणि इरिनोटिकॅन ही दोन औषधं मंजूर झाली. पहिल्या शोधापासून तीस वर्षं. यू झाडाच्या सालीपासून १९९२ च्या मंजुरीपर्यंतही तीसच. आकडा जुळला हा योगायोग असेल, पण मधली प्रत्येक पायरी चढायला वेळ लागतो.

अलीकडची गोष्ट तर मला स्वतःला थक्क करते. कॅम्प्टोथेसिनचाच एक नातेवाईक घ्यायचा, कॅन्सरच्या पेशीवरची खूण ओळखणाऱ्या प्रतिपिंडाला (अँटिबॉडीला) त्याचे आठ रेणू टांगायचे आणि ते अशा दोरीनं बांधायचे की ती दोरी पेशीच्या आत गेल्यावरच तुटेल. पोस्टमननं पाकीट दारातून आत टाकावं, तसं विष पेशीत पोचतं. या औषधाचं नाव ट्रॅस्टुझुमॅब डेरुक्स्टेकॅन. अमेरिकेत त्याला २०१९ मध्ये मंजुरी मिळाली. २०२२ मध्ये शिकागोच्या परिषदेत स्तनाच्या कॅन्सरच्या एका मोठ्या गटावरचे निकाल वाचून झाले, तेव्हा सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. वास मारणाऱ्या नरक्याच्या गोत्रातला रेणू, जैवतंत्रज्ञानाचं प्रतिपिंड आणि रसायनशास्त्राची दोरी. वनौषधी, जैवतंत्रज्ञान, रसायनशास्त्र असं सगळं एकाच बातमीत बसवायची हौस असेल, तर ही घ्या ना.

त्याऐवजी माझ्या वहीत काय आहे, ते सांगते. साधारण तीनच साचे आहेत. झाडाचं नाव तेवढं बदलतं.

पहिला साचा संगणकाचा. कॅन्सरच्या पेशीतल्या एखाद्या प्रथिनाचा त्रिमितीय आकार घ्यायचा आणि झाडातल्या रेणूंपैकी कोणता त्याच्या खाचेत बसतो ते पाहायचं. याला डॉकिंग म्हणतात. त्याचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, घरच्या लॅपटॉपवर चालतं. प्रथिनांचे आकार मिळणंही आता सोपं झालंय. गुगलच्या डीपमाइंड कंपनीच्या अल्फाफोल्ड या संगणक प्रणालीनं २०२२ पर्यंत वीस कोटींहून अधिक प्रथिनांचे अंदाजी आकार खुले करून टाकले, आणि २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्याबद्दल डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना, नव्यानं प्रथिनं घडवण्याबद्दल डेव्हिड बेकर यांना मिळालं. हे काम खरंच मोठं आहे, मी त्याला नावं ठेवत नाही. पण डॉकिंगचा आकडा म्हणजे कुलपाच्या चित्रात किल्लीचं चित्र बसवून पाहणं. दार उघडलं का, हे त्यातून कळत नाही. मूळ शोधनिबंधात ‘संगणकीय अंदाज’ असं प्रामाणिकपणे लिहिलेलं असतं. तुमच्या पानावर येईपर्यंत त्याचं ‘सिद्ध झाले’ होतं.

दुसरा साचा नॅनोचा, आणि यातली मला थोडी माहिती आहे. पानं उकळायची, गाळायची, त्यात सिल्व्हर नायट्रेटचं पाणी ओतायचं. हळूहळू फिकट पिवळा द्रव तपकिरी होतो. पानांतले पदार्थ चांदीच्या आयनांना इलेक्ट्रॉन देतात आणि चांदीचे अतिसूक्ष्म कण तयार होतात. मी स्वतः विज्ञान प्रदर्शनात हे तुळशीनं आणि पेरूच्या पानांनी करून दाखवलंय. मुलांना रंग बदलला की फार मजा वाटते. प्रयोग सुंदर आहे. पण झाड बदललं की नवा निबंध, नवा निबंध आला की नवी बातमी, आणि ते कण कॅन्सरच्या पेशींवर ओतले की ‘कॅन्सरवर नॅनो-आयुर्वेद’. चांदी पेशींना मारतेच. ती निरोगी पेशींनाही मारते. बातमीत ही दुसरी ओळ नसते.

नव्या पदार्थांनी खरा उपयोग कसा होतो, तेही अक्काच्या औषधातच होतं. पॅक्लिटॅक्सेल पाण्यात विरघळत नाही. म्हणून ते एरंडेलापासून बनवलेल्या एका द्रावकात देतात, आणि त्या द्रावकानंच कित्येकांना जोराची अॅलर्जी येते. सलाइनआधी स्टेरॉइड आणि अॅलर्जीची इंजेक्शनं देतात ती त्यासाठी. मग कुणीतरी विचार केला, एरंडेल कशाला? आपल्या रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिनच या औषधाभोवती गुंडाळून सुमारे १३० नॅनोमीटरचे कण करूया. २००५ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. ‘नॅनो’ या शब्दाचा असा अर्थ मी वर्गात अभिमानानं सांगेन. २०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल ज्या पदार्थांना मिळालं, ते धातूंचे सांधे आणि सेंद्रिय रेणूंचे वासे जोडून उभारलेले पोकळ सांगाडे. कितागावा, रॉब्सन आणि याघी यांचं हे काम. त्या पोकळ्यांत औषध भरून नेता येईल का, यावर जगभर काम चालू आहे. ‘चालू आहे’ हे क्रियापद वर्तमानकाळातलं आहे, एवढंच लक्षात ठेवा.

तिसरा साचा ताटलीचा, आणि अक्काचं कात्रण त्यातलंच. काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या ताटलीत कॅन्सरच्या पेशी वाढवतात, त्यावर अर्क टाकतात, मग पिवळा रंग घालतात. जिवंत पेशी त्याचा जांभळा करतात. जांभळं कमी झालं, म्हणजे पेशी मेल्या. चाचणी बरोबरच आहे, पहिली चाळणी म्हणून तिची गरजही आहे. पण ताटलीत कडक मिठाचं पाणी ओतलं तरी जांभळं कमी होतं. प्रश्न असतो तो किती सौम्य मात्रेत मरतात, चांगल्या पेशी वाचतात का, आणि तोंडानं घेतलं तर पोट-यकृत ओलांडून गाठीपर्यंत कितपत पोचतं.

हळदीचं उदाहरण देते, कारण सांगलीकर म्हणून हळदीबद्दल वाईट बोलायचा आरोप माझ्यावर तरी कुणी करणार नाही. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्या दिवशी आम्ही घरात पुरणपोळी केली होती. १९९७ मध्ये जखमेवर हळद लावण्याचं अमेरिकेतलं पेटंट सीएसआयआर या आपल्या सरकारी संशोधन संस्थेनं, माशेलकरांच्या कारकिर्दीत, रद्द करवून घेतलं, तेव्हा मी वर्गात तास थांबवून ते सांगितलं होतं. पण हळदीतल्या कर्क्युमिनचा २०१७ मध्ये औषधी रसायनशास्त्राच्या एका नामांकित नियतकालिकात सविस्तर आढावा आला. त्यात संशोधकांनी लिहिलं की हा रेणू अस्थिर आहे, शरीरात जवळजवळ शोषला जात नाही, आणि स्वतःच रंगीत व चमकणारा असल्यामुळे चाचण्यांच्या यंत्रांना चकवतो. शंभराहून जास्त मानवी चाचण्या होऊनही, ज्यात रुग्णालाही आणि डॉक्टरलाही कोणती गोळी कुणाची ते माहीत नसतं अशा एकाही काटेकोर चाचणीत तो यशस्वी ठरलेला नव्हता. ताटलीत मात्र तो हजारो वेळा जिंकलाय. नोव्हेंबर २०२४ मध्ये नवज्योतसिंग सिद्धूंनी पत्नीच्या कॅन्सरबद्दल हळद-कडुलिंबाचं बोलून दाखवलं, तेव्हा टाटा मेमोरियलच्या आजी-माजी २६२ तज्ज्ञांना सही करून लोकांना सांगावं लागलं, की उपचार सोडू नका. किती डॉक्टरांची दुपार त्यात गेली असेल.

खुद्द टाटाचीही एक बातमी वहीत आहे, फेब्रुवारी २०२४ ची. द्राक्षांच्या सालीत सापडणारं रेझव्हेराट्रॉल आणि तांबं यांची गोळी, किंमत शंभर रुपये, कॅन्सर परत येऊ देणार नाही. मरणाऱ्या कॅन्सरपेशींतून गळणारे जनुकीय तुकडे या गोळीनं नष्ट होतात, ही कल्पना मला आकर्षक वाटते. पण पुन्हा कॅन्सर होऊ न देण्याचा परिणाम तेव्हा उंदरांवरच पाहिलेला होता. माणसांवरचं काम पूर्ण व्हायला पाचेक वर्षं लागतील, असं त्याच बातम्यांत नवव्या-दहाव्या ओळीत होतं. तुमच्यापैकी बहुतेकांनी ते छापलंही. मथळा मात्र शंभर रुपयांचा होता. आमच्या शेजारच्या काकांनी दुसऱ्या दिवशी मेडिकल दुकानात जाऊन गोळी मागितली.

आता मागणी. सांगलीच्या कुठल्याही पेपरात बाजारभावाचं पान उघडा. बेदाण्याची बातमी ‘भाव वधारले’ एवढ्यावर कधी संपत नाही. आवक किती, किमान किती, कमाल किती, सरासरी किती, सगळं चौकटीत असतं, कारण तासगावचा शेतकरी त्या आकड्यावर माल काढायचा की कोल्ड स्टोरेजला ठेवायचा ते ठरवतो. आकडा चुकला तर तो तुमच्या कचेरीत येऊन भांडतो. कॅन्सरच्या औषधाच्या बातमीखाली तशीच एक चौकट टाका. प्रयोग कशावर: संगणकावर, ताटलीत, उंदरांवर की माणसांवर. माणसांवर असेल तर किती जणांवर आणि तुलना कशाशी. चार ओळी. उपसंपादकाला त्यासाठी पीएचडी लागत नाही, फक्त प्राध्यापकांना फोन करून “कुणावर झाला हो प्रयोग?” एवढं विचारावं लागतं. उत्तर आलं नाही, तर चौकटीत ‘सांगितलेलं नाही’ असं लिहा. तेही वाचकाला पुरेसं आहे.

सोबत आणखी एक विचारा: पेटंट ‘मिळालं’ म्हणजे नक्की काय झालं? अर्ज केला की साधारण अठरा महिन्यांनी, विनंती केली तर त्याआधीही, तो पेटंट कार्यालयाच्या जर्नलमध्ये प्रसिद्ध होतो. ती फक्त प्रसिद्धी. परीक्षा त्यानंतर, आणि मंजुरी त्याहून नंतर, झाली तर. काही जण तर फक्त डिझाइनची नोंदणी करतात, म्हणजे वस्तूच्या दिसण्याची. ती वस्तू काम करते की नाही याच्याशी त्या नोंदणीचा संबंध नाही. प्राध्यापकांना बढतीसाठी, महाविद्यालयांना नॅकच्या मूल्यांकनासाठी हे सगळं लागतं, त्यांची अडचण मला कळते. मीही त्याच व्यवस्थेत राहिले. पण शाल-श्रीफळाच्या फोटोखाली ‘कॅन्सरवरील औषधास पेटंट’ असं छापून येतं, तेव्हा ते कात्रण बढतीच्या फाइलमध्येच राहत नाही. ते अक्काच्या फाइलमध्येही जातं.

१९५४ पासून आपल्याकडे कायदा आहे, की कॅन्सर बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायची नाही. तुमचे जाहिरात विभाग तो पाळायचा प्रयत्न करतात, हे मला माहीत आहे. पण तेच वाक्य बातमी म्हणून आलं, तर त्याला कुठलीच चाळणी नाही. अमेरिकेत २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बरा होऊ शकणारा कॅन्सर असताना फक्त पर्यायी उपचार घेतलेल्या २८१ जणांची तुलना नेहमीचे उपचार घेतलेल्यांशी केली होती. त्यांच्यात मृत्यूचा धोका अडीच पट होता. स्तनाच्या कॅन्सरमध्ये पाच पटींहून अधिक. हा आकडा मी अक्काला वेळेत दाखवला असता तर तिनं ऐकलं असतं का, कोण जाणे. ती माझ्यापेक्षा पेपरवर जास्त विश्वास ठेवायची. आमच्या घरात वडिलांपासून तीच रीत.

झाडांच्या बातम्या छापू नका असं मी म्हणत नाही. सदाफुलीचीच घ्या. पन्नासच्या दशकात तिची पानं मधुमेहासाठी तपासायला कॅनडात पाठवली गेली. उंदरांची साखर उतरली नाही, पांढऱ्या पेशी मात्र उतरल्या. त्यातून लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवरचं व्हिन्क्रिस्टिन आलं, ते १९६३ मध्ये मंजूर झालं आणि आजही वापरतात. शेकडो किलो वाळलेल्या पानांतून ग्रॅमभर निघतं, म्हणून २०२२ मध्ये शास्त्रज्ञांनी यीस्टमध्ये वनस्पतींची तीसेक जनुकं घालून सदाफुलीतल्या औषधाचे दोन मुख्य भाग पिंपात तयार करून दाखवले. आपल्या प्रत्येक अंगणात हे झाड आहे. मुलं त्याची फुलं तोडतात. एखाद्या रविवारच्या पुरवणीत हे सगळं सांगा, आणि त्याच लेखात लिहा की अंगणातली पानं चावून कॅन्सर जात नाही, उलट विषबाधा होईल.

माझी निवृत्ती झालीय, दुपारी चारनंतर मी मोकळी असते. तुमच्या सांगली-कोल्हापूरच्या आवृत्तीत संध्याकाळी अशी प्रेसनोट आली, आणि कचेरीत विज्ञान शिकलेलं कुणी नसलं, तर मला वाचून दाखवा. मानधन नको. प्रयोग कुणावर झाला, ते पाच मिनिटांत सांगते.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षिका, सांगली